कुंद्याची ताटली

रंग कुंद्याचा, म्हणून कुंद्या.
नाव रेणूनं ठेवलं, वडगावात, मागाच्या खोलीत,
कांड्यांच्या रिकाम्या पोत्यावर तो झोपला होता तेव्हा.
दोन महिन्यांचा. पोट नगाऱ्याएवढं, पाय सुताचे.

पहिल्या सांजेला दूधभाकरी खाताना
मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.
खाण्याचा वेग वाढला,
मग सगळं एकदम थांबलं.
तोंड ताटलीत, अंग लाकूड,
डोळ्याचं पांढरं तेवढं माझ्याकडे वळलेलं
आणि घशात बारीक घरघर,
पट्टा सैल झालेल्या मागासारखी.
मी हसले. एवढंसं ते, आणि गुरगुरतंय.

लुमाण्णा भावोजी म्हणाले,
"बघत काय बसूलालीस? ताटली काढून घे.
मालक कोण ते आत्ताच कळूदे त्याला."
काढून घेतली. दिली. परत घेतली.
तिसऱ्या खेपेला अंगठ्यात दात,
आणि मी एक चापट ठेवून दिली.
गुरगुरणं बंद झालं.
चार दिवस मला वाटलं, जमलं.

पाचव्या दिवशी तो न गुरगुरताच चावला.
रेणू नुसती चेंडू उचलायला वाकली होती.

सिव्हिलमध्ये सुया. रांगेत दोन तास.
रेणू रडली नाही, एवढंच म्हणाली,
"आधी सांगायचा तरी. तू त्याला सांगू दिलं नाहीस."

गुरुवारी मल्लव्वा कोथिंबीर घेऊन आली,
पट्टी बघून टोपली खाली ठेवली.
ह्याच्या आईला किती झाली होती?
सात, म्हटलं. पुलाखाली. कुणीतरी डब्याच्या झाकणात दूध ओतायचं.
"एक झाकण," ती म्हणाली, आणि बोटं मोडत सातापर्यंत गेली.
मग म्हणाली, "कस्कोब्याडरी. कोडरी."
हिसकावू नका हो. द्या.
जुडीचे पैसे तेवढे मोजून घेतले.

तेव्हापासून ताटली जिन्याखाली.
मी फरशीवर खडूनं रेघ मारली,
रेणूला म्हटलं, ही शीव. पलीकडे तो जेवतो.
शीव म्हणजे काय
हे आमच्याकडच्या पोरांना समजवावं लागत नाही.

रेघेच्या अलीकडून मी जायची,
न थांबता, न बघता,
जाताना उकडल्या अंड्याचा तुकडा ताटलीकडे टाकायची
आणि पुढं, कांड्या भरायला.
ताटलीला हात नाही. आठवडाभर एवढंच.
"कुत्र्याला अंडी, आम्हाला आमटी," भावोजी.
रेघ रोज बोटभर आत सरकवली.
अंग लाकूड झालं की दुसऱ्या दिवशी दोन बोटं मागं.
किती वेळा मागं गेले ते मोजलं नाही,
खडू मात्र दोन संपले.

मग एका दुपारी
मी येतेय असं दिसताच त्यानं तोंड वर काढलं.
ताटलीत भात होता अजून, मिशांना शितं.
शेपूट एकदा हललं,
दुसऱ्यांदा हलवावं का, ह्यावर विचार चालू.
अंडं त्या दिवशी मी विसरले होते.
धावत जाऊन आणलं.

सगळं सुटलं असं नाही.
करंट गेला की गल्लीतले माग एकदम गप्प होतात,
आणि त्या गप्पपणात तो पुन्हा ताटलीवर ओणवा,
खांदे वर, डोळ्याचं पांढरं.
मीही तेव्हा पिठाचा डबा उघडून बघते,
सकाळीच बघितलेला असतो तरी.
झाकण लावते, रेघेच्या बाहेर बसते.

अंधारातून घरघर येते.
गुरगुर, मी म्हणते.
गुरगुर बाबा. येतंय ऐकू.