पाने पूर्ण

सकाळी आधी ढोली उघडते.
सासऱ्यांच्या काळी हिच्यात धान भरत.
आता एका बंद पडलेल्या वाचनालयाची एकशे चाळीस पुस्तकं,
मधेमधे कडुलिंबाचा पाला,
आणि तळाला अजून तूस,
कितीही झाडलं तरी
कुठल्या तरी कादंबरीतून सोलापूरला जाऊन निघतं.

मोबाइलवर रात्रीचे निरोप.
इचलकरंजी : बांधणी सैल असली तरी चालेल.
ठाणे : स्वयंपाकाचं हवं, पण तेलाचे डाग पडलेलं.
पुण्याच्या एका गृहस्थांची तक्रार,
पुस्तकाला आंबूसगोड वास येतो, दारूचा तर नाही ना?
त्यांना कळवते, मोहाचा आहे.
एप्रिलात आमच्याकडे मोह वाळतो
त्याच खोलीत पुस्तकं असतात.
पंख्याखाली ठेवा, जाईल.
नाही गेला तर राहू द्या.

वहीत लिहिते : मुखपृष्ठ नाही.
कसर लागलेली, अक्षराला धक्का नाही.
पहिल्या पानावर
"चि. सुलोचनास, मॅट्रिकच्या यशाबद्दल, मामा."
सुलोचनाचे वेगळे पैसे लावत नाही.

दुपारी कण्यांची खळ शिजते.
मुलगा विचारतो, ही खायची की चिकटवायची?
सिमेंटच्या पोत्याचा कागद, सुतळी, दोन गाठी.
कोकणात जाणाऱ्याला तिसरी.

डाकघर म्हणजे दडमलबाईंची ओसरी,
एक काटा, एक शिक्का, सुकत आलेली शाई.
"आज तीनच का जी?"
"तीनच."
"मागच्या हप्त्यात सात होते,"
म्हणतात, ताप उतरला का विचारावं तशा.
पार्सल आधी हातावर तोलतात, ग्रॅम सांगतात,
मग काट्याला विचारतात.
काटा पाच-दहानेच चुकतो.

मिरजेच्या मगदूम कंपाउंडरांनी एकदा कळवलं,
मधलं एक पान नाही, एकशे अकरा-बारा.
रागावले नव्हते.
"ती नदी ओलांडते की नाही, एवढंच सांगा."
दुसरी प्रत मिळायला पाच महिने गेले,
ब्रह्मपुरीच्या रद्दीत, वजनावर.
त्या रात्री लाइन गेलेली.
लेकाच्या वहीचं पान फाडून
टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजू उतरवल्या.
एका जागी वाळवीने ओळ खाल्ली होती.
अलीकडे ती काठावर उभी,
पलीकडे "म्हणून ती परत फिरली."
मधलं काय ते वाळवीला ठाऊक.
मी एक वाक्य घातलं.
माझं.
कुणाला बोलले नाही.

गेल्या आठवड्यात मिरजेहून खोकं आलं.
सोबत सुनेची चिठ्ठी, बाबा गेले,
तुमच्याकडचीच आहेत, तुम्हीच विका.
सगळ्यांत खाली ते.
माझं पान आत डकवलेलं,
कडा इतक्या सरळ, की बघत राहिले.
जन्मभर औषधाच्या पुड्या बांधलेला हात.
माझ्या वाक्याच्या आधीच्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ.
नंतरच्या वाक्याखाली रेघ.
माझ्या वाक्यासमोर, समासात,
लहानसं प्रश्नचिन्ह.

मी मोठ्याने हसले असणार,
मुलगा बघायला आला.
मग बराच वेळ सुतळी सोडवत बसले,
जी आधीच सुटलेली होती.

संध्याकाळी नोंद केली.
पाठ सैल. शेवटचं पान आहे. साठ रुपये.
"पाने पूर्ण" लिहिलं,
खोडलं.
लिहिलं : एक पान हस्तलिखित,
त्यात एक वाक्य दुकानाचं.

नांदेडहून लगेच विचारणा, कोणतं?

अजून कळवलेलं नाही.
चुलीवर खळ होती,
खाली लागत होती.