दोर

डाव्या विंगेत, पेटीवाल्याच्या पाठीशी
एका उपड्या खोक्यावर बसून
तीस वर्षं मी कुजबुजतोय.
मलप्रभेच्या अल्याड, जत्रेच्या दुसऱ्या रात्री, मराठीत.
पल्याड, बसवण्णाचा तेर ओढून झाला की, कन्नडात.
नाटक एकच. वह्या दोन.
एकीला खाकी पुठ्ठा,
दुसरीला खानापूरच्या सराफाचं जुनं कॅलेंडर.

पुराच्या रात्री सिदराय तारी नावेचा दोर कापतो.
आमच्या वहीत नावेत देसायाचे शिपाई असतात,
गाव लुटायला निघालेले.
शिट्ट्या पडतात. पंचांतला कुणीतरी वर चढून
त्याच्या बंडीला नोट टाचतो.
त्यांच्या वहीत नावेत वऱ्हाड असतं,
हळदीच्या अंगाची नवरी, हलगीवाला, दोन तान्ही.
पोरं शेंगांची टरफलं फेकतात
आणि मागनं एखादी म्हातारी उठून
बोटं मोडते, खरीखुरी.

दोन्हीकडे सिदराय होतो तो भरमाण्णा हुंदरेच.
मिशी तीच, आमच्याकडे वर पिळलेली,
तिकडे मेण लावून खाली पाडलेली.
कोयता तर त्याच्या घरचाच,
सकाळी पुन्हा उसात जाणारा.

एकदा दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या.
नक्षत्र तेच. पाऊस तेवढाच. नाव एकच,
कारण त्या घाटाला दुसरी नव्हतीच.
शिपायांनी वऱ्हाडाची नाव अडवली असेल,
आणि नवरीला उतरायला
वेळ मिळाला नसेल.
असेल किंवा नसेल.
मी लिहिणारा नाही, नुसता कुजबुजणारा.

त्या साली तालमीनंतर भरमाण्णानं विचारलं,
"मास्तर, दोर कापताना मी बघायचं कुठं?"
वही काढून सांगितलं,
आपल्याकडे आभाळाकडे, हात उंचावून.
तिकडे लोकांकडे, दात काढून.
"आणि नावेकडं?"
मी पानं उलटली. दोन्ही वह्यांची.
चहा निवेपर्यंत उलटत होतो.

जत्रेत त्यानं दोर कापला आणि खाली बघितलं.
मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं.
तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं दिलं
की पहिल्या रांगेतल्या पोरानंच ते म्हणून टाकलं.
भरमाण्णा फळीवर गुडघे टेकून म्हणाला,
"तप्पायतु."

चुकलं, एवढंच. खरं कन्नडात.
नोट खिशातच राहिली.
कमिटीनं त्याला सोडून मला बोलावलं,
"मास्तर, वही बदलली काय तुमची?"

फाल्गुनात पल्याड तो हसलाच नाही.
स्टेजच्या काठावर पाय सोडून बसला.
टरफलं थोडा वेळ येत राहिली,
सवयीनं.
मग एका पोरीनं फेकायचं थांबवून
उरलेल्या शेंगा सोलून खायला घेतल्या.

खोबरेल तेलानं तोंडाचा रंग पुसताना तो म्हणाला,
"बघितलो मास्तर. दोन्ही डाव बघितलो.
खरं खाली अंधार हुता.
शिपाई हुते का बायका,
कळलंच नाही मला."

नाटकाचा दोरही दोन्ही गावांत एकच.
वर्षातनं दोनदा कापायचा, दोनदा गाठ मारायची,
प्रत्येक गाठीत वीतभर जातो.
यंदा तो खुंट्यापासून नावेपर्यंत पोचेना.
रविवारी बाजारात गेलो. काथ्याच्या दुकानात
पोरानं विचारलं, "किती हात?"

आमच्या वहीत नदी वीस हात आहे.
त्यांच्या वहीत चाळीस.

तीस म्हणालो.
वेटोळं खांद्यावर टाकून पुलावरनं येताना
कोराकरकरीत काथ्या,
पण भिजल्यासारखा जड लागत होता.