नेढं

सोहारला जुलैत नळाचं गार पाणी चटका देतं,
म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचं.
हे पहिल्या उन्हाळ्यात शिकले.
बाकीचं शिक्षण सुईचं.

सोफ्याला टेकून माझ्या चार पिशव्या.
एकीत क्रोशाचा टेबलक्लॉथ,
तीन वर्षांचा झाला, अजून बशीएवढाच.
दुसरीत टॅटिंगचा धोटा, हाडाचा, पिवळट,
फिलोमिना बाई गोव्याला कायमच्या परतताना म्हणाल्या,
शिकलीस तर तुझा.
(गाठी येतात. सरकत नाहीत.)
तिसरीत काशिद्याची चौकट, तिच्यात मोर.
पिसारा हौसेनं आधी भरून टाकला,
आता पाय भरायचा कंटाळा.
चौथीत विद्याधरचे कामावरचे शर्ट,
बंदराच्या खाऱ्या हवेनं विरलेले, चौकोनी कापून,
गोधडीसाठी. या गावात गोधडी!
एसी अठरावर ठेवला की लागेलही.

तो विचारतो, यातलं एखादं संपणार कधी?
संपल्यावर मग काय करायचं रे, मी म्हणते,
आणि साखळी मोजताना चुकते,
आणि उसवते. उसवायलाही मजा येते,
दोरा कुरळा होऊन येतो हातात,
जुन्या टाक्यांची आठवण ठेवून.

समोरच्या दारातली झुवैना पहिल्यांदा आली
तेव्हा मोराकडे तिनं पाहिलंच नाही.
चौकट उलटी केली.
मागचा सगळा गुंता, गाठी, या पानावरून त्या पानावर मारलेल्या उड्या.
घरात पाहुणी येऊन
थेट मोरीत डोकावली, असं झालं मला.
ती हसली. दुसऱ्या दिवशी पांढरं कापड घेऊन आली,
पेन्सिलीचे ठिपकेच ठिपके.
कुम्मा. त्यांच्या पुरुषांची टोपी.

माझं अरबी अकरा शब्दांचं, तिचं हिंदी किराणा दुकानातलं.
शिकवणी बोटांनी.
ठिपक्यावर टोच. भोक पाड.
मग कडेकडेनं टाके, दाट, अंगाला अंग लावून,
भोक बुजेल इतकी ओढ नको,
सैल पडेल इतकी ढिलाईही नको.
शुवैया, शुवैया.
मी आजवर भोकं बुजवतच आलेले,
रफू, ठिगळ, मोज्याची टाच.
भोक राखायचं कसं, ते कुणी दाखवलं नव्हतं.

आणि हेही तिचंच:
चष्मा लागल्यापासून मी दोरा घेऊन नेढ्यामागे धावायचे,
थुंकी लावून, एक डोळा मिटून, चरफडत.
तिनं दोरा तिरका कापला, चिमटीत धरला,
टोक जेमतेम दिसेल इतकाच,
आणि सुईच खाली आणली त्याच्यावर.
ओवला गेला!
तेहेतीस वर्षं उलटं करत होते मी.

बदल्यात मी तिला क्रोशाचं पहिलं कडं शिकवलं.
पाच मिनिटांत जमलं तिला.
बोट घातलं आतून, फिरवलं,
म्हणाली, ये भी होल.
हो की.

मगरिबची अजान झाली की ती उठते,
सुई कापडात आहे तिथेच टोचून.
मीही हल्ली तशीच ठेवते, न शिकवता लागलेली सवय,
आणि कुकर लावते.

एका संध्याकाळी नऊ भोकं. कधी सहा.
विद्याधरची रात्रपाळी असली तर चौदा.
ऑगस्ट गेला, खिडकीची वाफ गेली,
लोक पुन्हा समुद्रावर चालायला लागले,
मी घरात, दिव्याखाली, सुखात.

फेब्रुवारीत टोपी झाली.
त्याच्या डोक्यावर ठेवली
तर वरच राहिली, वाटीवर बशी ठेवावी तशी.
माप मी तो झोपला असताना घेतलं होतं,
उशीवरच्या बाजूचं अंदाजानं.

झुवैनानं टोपी घेतली. उलटी केली.
बराच वेळ पाहत होती आतून,
अंगठा एका भोकावरून दुसऱ्यावर.
काही बोलली नाही.
पर्समधून नवं कापड काढलं,
ठिपके आधीच मारलेले,
आणि टेप विद्याधरच्या कपाळाभोवती स्वतः माझ्याकडून धरवून घेतली.

मी पिशवी शोधतेय. पाचवी.
मोर अजून बिनपायांचा.