साखळी क्रमांक एकोणीस

भाचीची सायकल जाड टायरची, खोबणीदार,
हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं.
किंमत सांगितली तिनं. मी विचारलं, "इंजिनासकट?"
माझी काळी, चोवीस वर्षं खात्यात राबलेली,
स्टँडला सुतळी.

कामठी, कन्हानचा पूल, अंधारात
कोळशाच्या ट्रकांचे लाल दिवे.
पारशिवनीच्या अलीकडे डांबर सोडलं
आणि नहरीच्या पाळीवर चढलो.
मुरूम. मग गिट्टी. मग दोन चाकोऱ्यांच्या मधोमध
पोटऱ्या भिजवणारं गवत.

ऋजुताच्या हँडलवर नकाशा उजळला:
इथे रस्ता नाही.
"मामा, आपण नसलेल्या जागेवर आहोत."

या नसलेल्या जागेवर मी चोवीस वर्षं पाणी मोजलं.
इथला दगड न् दगड मला नंबरानं ओळखतो.
साखळी सातला मोरी गळते.
अकराला आग्या मोहोळ, तिथं बोलायचं नाही.
साडेतेराला बोंडारेबाई
रात्री चोरून गेट उचलायच्या,
आणि मी खोकत यायचो,
लांबून, मोठ्यानं.

पुढं टेकड्या. एक काळी, मँगनीजची,
कोरून कोरून निम्मी उरलेली.
तिच्या पाठीशी तीन पांढऱ्या, एकीला एक लागून,
हात लावला तर खडूसारख्या हाताला येणाऱ्या.
उतारावर जे मिळतं ते चढावर परत द्यायचं,
भिशीसारखं.
ऋजुता उभी राहून पायडल मारत गेली.
मी उतरलो, ढकलत निघालो, लाज सोडून.
वर पोचलो तर ती धुळीत बसलेली,
भुवया पांढऱ्या, वेणी पांढरी.
"आता दोघं एका वयाचे," म्हणाली.

उतरताना तिचं मागचं टायर
बाजूनं चिरलं, दोन बोटं.
दगडानं किंमत विचारली नाही.

साखळी एकोणीस.
नहर कोरडी. तळाशी एक चप्पल,
फुटका कलश, बेशरमाची झुडपं.
सावली होती म्हणून आम्ही आत उतरून बसलो,
तिच्या डब्यातला चिवडा मधे ठेवून.

गेटवरून शालिक उईके ओरडला,
"सायेब, तळात काऊन बसून राहिले जी?
पाणी सुटलं ना!"

आधी आवाज आला,
सुक्या पानांवरून कोणी खराटा फिरवत यावं तसा.
मग पाण्याचं तोंड:
बोटभर उंच, तपकिरी, फेसाळ,
काटक्या, गुटख्याच्या पुड्या,
एका सालीवर दाटीनं उभ्या मुंग्या,
आणि सगळ्यांच्या पुढं एक बेडूक,
उड्या मारत, वर्दी देत.

मी वर चढायचं विसरलो.
ऋजुतानं दंडाला धरून ओढलं.

चोवीस वर्षं मी पाण्याची खोली मोजली,
वेग मोजला, दोन्ही काठांच्या शिव्या मोजल्या.
तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं.
मी पोचायचो तोवर ते
पुढं निघून गेलेलं असायचं.

टायरवाला बावीसला, शालिक म्हणाला.
आम्ही दोन्ही सायकली ढकलत निघालो,
पाणी खाली, आम्ही वर, एकाच चालीनं.
भेग आली की ते थांबायचं,
भेगेला पाजायचं पोटभर,
मग पुढं.
आम्हीही थांबायचो.
घाई कोणालाच नव्हती,
बेडूक सोडला तर.

ऋजुतानं हँडलवर पाहिलं:
सरासरी वेग ताशी तीन.
पुसणार होती. पुसलं नाही.

मागं साडेतेराला
आता पाणी पोचून गेलं असेल.
बाई आहेत की नाहीत कोण जाणे.
मी खोकलो, उगाच,
मोठ्यानं.

"धूळ गेली का घशात?" ऋजुतानं विचारलं.
हो, म्हणालो. पांढरी.