कीपचं उलटं

सहाच्या शिकवणीला, हरिपूर रोडच्या पत्र्याच्या खोलीत
तंझिला बागवान वही पुढं सरकवते.
सर, कीपचं उलटं काय?

गाईडात मागं उत्तर आहे, लूज.
श्रेणिक मगदूम म्हणतो, गिव्ह. ताईच्या वहीत तेच होतं.
मी खडू धरून उभा.
चौदा वर्षं इंग्रजी शिकवतोय
आणि एवढासा शब्द फळ्यावर मावत नाही.

कारण बघा,
कीप द चेंज, म्हणजे सुटे राहू देत.
कीप क्वाएट, म्हणजे गप्प बसा.
ह्याचं उलटं तुम्हाला शिकवावं लागत नाही.
कीप युवर वर्ड, शब्द पाळ. उलटं, मोड.
कीप हेन्स, कोंबड्या पाळ. उलटं?
कापायच्या की सर, म्हणते तंझिला.
सगळे हसतात. मीही.

मराठीत येता येता ह्या एकाच्या वाटण्या झाल्या:
ठेव, राख, पाळ, बस, राहा.
आता प्रत्येकाचं भांडण वेगळ्या शेजाऱ्याशी.

माझे आप्पा पेवात उतरायचे.
हे मी वर्गात सांगत नाही.
जमिनीच्या पोटात हळद, दोन दोन वर्षं,
तोंड मातीनं लिंपलेलं, वर गवत,
गवतावर कुणाच्या तरी शेळ्या.
भाव आला की पेव फोडायचं.
उघडायचं नाही म्हणायचे आप्पा. फोडायचं.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
ज्योत राहिली तर माणूस उतरणार,
विझली तर तंबाखू मळत काठावर बसायचं.
खालची कोंडलेली हवा माणूस ठेवून घ्यायची,
तिला परत देणं ठाऊक नव्हतं.

आप्पा वर यायचे ते कानाच्या पाळीपर्यंत पिवळे.
आई म्हणायची, ह्यांना रोजचीच हळद लागलीय,
अक्षता तेवढ्या पडायच्या राहिल्यात.

मग पुराच्या साली नदीच पेवांत उतरली,
कंदील न सोडता.
पाणी ओसरल्यावर महिनाभर
गल्लीला कुजक्या हळदीचा वास.
व्यापारी दोन दिवस काठावर येऊन उभा राहिला, तिसऱ्या दिवशी नाही.
आप्पा त्यानंतर घरीच. दोरी खुंटीला.

गेल्या माघात, संगमावर,
तिसऱ्या दिवशी शिवलिंग काठीनं दाखवत म्हणाला,
मास्तर, राख.
क्षणभर कळेना,
वस्तू दाखवतोय की काम सांगतोय.
जपून ठेव, असंही.
काही उरलं नाही, असंही.
कुठल्या गाईडात मिळणार हे,
एकाच शब्दाच्या पोटात त्याचं उलटं,
लिंपून.

सर?

गाईडातलं लिही, मी म्हणतो. लूजला मार्क आहे.
ती लिहिते. बघत राहते. खोडरबर शोधते,
श्रेणिकनं नेलंय ते, ठेवायला म्हणून.
मग मान वर करून विचारते,
सर, इथं जागा सोडू का ठेवू?

दोन्ही एकच गं, मी म्हणतो
आणि फळ्यावर पुढचा शब्द लिहितो:
ओपन.