पेव क्रमांक एकशे बारा

हरिपूरच्या रस्त्यावर मोबाइल जमिनीकडे धरून
मी उभी आहे, आणि पडद्यावर
डांबराखाली एक पेव उघडतंय :
तोंड अरुंद, पोट मोठं,
पाचटाच्या अस्तरात हळदीचा पिवळा अंधार.
दोन सेकंद. मग ते सरकतं,
रसवंतीच्या बाकड्याखालून जातं
आणि संगमेश्वराच्या भिंतीत अर्धं रुतून थांबतं.

"चाललंय व्हय तुमचं पेव?" भुपालअण्णा विचारतात.
(मगदूम, वय एक्याऐंशी.
माझ्या तक्त्यात : माहितीचा स्रोत, क्रमांक चार.)
उपग्रहाची चूक, मी सांगते, चार मीटर इकडंतिकडं.
"चार मीटरात दोन पेवं बसत्यात.
आमची हळद शहांच्यात टाकली की तुमच्या मोबाइलनं."

पेव फुटलं, असं आम्ही येताजाता म्हणतो,
क्लासेसचं, अ‍ॅपचं.
खरं पेव फुटलं की माल गेला.

पहिल्या आवृत्तीत मी लिहिलं होतं :
पेव. अक्षांश. रेखांश. खोली. मालक.
एका पेवाला एक मालक, इतकं सोपं.
पण खड्डा एकाचा, हळद तिघांची,
पावती पाचव्याच्या नावानं
आणि तीच गहाण टाकून कर्ज काढलेलं सहाव्यानं.
गावभागातल्या खोलीवर रात्रभर
मी माणसं मालापासून सोडवत बसले.
दुसऱ्या आवृत्तीत सगळी पेवं एकदम मागवली,
तर सत्तूचा स्वस्तातला फोन तव्यासारखा तापला आणि मेला.
आता वीस पावलांच्या आतली तेवढीच येतात.
लांबची नुसती टिंबं.
मागं पडलेली विसरायची,
आणि विसरायचं कसं, तेही लिहून द्यावं लागतं.

"उपग्रह सोडा," अण्णा म्हणाले.
"घाटाच्या शेवटच्या पायरीपासनं धरा. चिंचेकडं तोंड.
चव्वेचाळीस पावलं. माझी, तुमची न्हाई."
चिंच कधीच गेली. तोंड मात्र तिकडं करता येतं.
पायरीला मूळ मानलं,
प्रत्येक पेव तिच्यापासून मोजलं,
अण्णांचं पाऊल : अडुसष्ट सेंटिमीटर,
हेही एका रकान्यात गेलं.
पेवं जागच्या जागी बसली.

एकशे बारापाशी ते थांबले.
वर आता मोटारसायकलचं गॅरेज.
स्थिती? मी विचारलं. पर्याय तीनच ठेवले होते :
चालू, बंद, पुरात खचलेलं.
"बुजवलं," ते म्हणाले. "आम्हीच."

मग कंदिलाचं सांगितलं.
तोंडावरचा दगड काढला की अर्धा दिवस थांबायचं.
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
जळत राहिला तर माणूस उतरायचा.
विझला तर ओढून घ्यायचा, परत थांबायचं.
"नेमूला दम निघंना. भाव चढला हुता त्या दिवशी."
आत कुणीतरी गाडी रेस करत होतं.
आम्ही ती बंद व्हायची वाट पाहिली.

टिपेला मीच पन्नास अक्षरांची मर्यादा घातली होती.
नेमिनाथ मगदूम. कंदील न सोडता उतरला.
संगणक काना-मात्राही सुटे मोजतो.
तरी पंधरा उरली.

तिसऱ्या आवृत्तीत,
कुठलंही पेव पडद्यावर उघडण्याआधी
एक छोटी विचारणा खाली जाते :
नोंद जिवंत आहे का, आत काही आहे का.
उत्तर आलं नाही, तर जमीन जमीनच राहते.
तिचं नाव मी कंदील ठेवलंय.
पुण्याहून तपासणाऱ्यानं शेरा मारला :
नावावरून काम कळत नाही, बदला.
दोन आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही.

काल अण्णांच्या हातात फोन दिला.
त्यांनी तो गॅरेजच्या फरशीवर धरला,
दोन्ही हातांनी, परात धरावी तसा.
फरशी दिसली. ऑइलचे डाग. एक पाना.
"कायच दिसंना," ते म्हणाले.
हो, मी म्हटलं.
बराच वेळ तसाच धरून उभे राहिले,
मग पडदा धोतराला पुसून
फोन परत दिला.