खाली

बुवांच्या नातवाने पाठवलेला फोटो तिरका होता.
जेवणाच्या टेबलावर कागद, कागदावर चौताल,
कोपऱ्यात कोलमाची वाटी.
सोबत एक ओळ: ताई, तुमच्या सॉफ्टवेअरनं खाली खाल्ली.

मी हसले. मग तीन रात्री हसले नाही.

दिवसा मी महाप्याला विम्याच्या हप्त्यांचे हिशेब नीट करते,
रात्री ऐरोलीत, सेक्टर आठच्या दुसऱ्या मजल्यावर
हे बिनपगारी काम:
कुणा एकाचं नसलेलं,
म्हणून कुणीही उघडून आत डोकवावं असं
स्वर आणि बोल लिहिण्याचं यंत्र.
मला स्वतःला टाळ धरता येत नाही.
हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या रात्री मी फाँटवर आळ घेतला.
'दिं'वरचा अनुस्वार मागे एकदा त्यानेच उडवला होता,
तेव्हा संशय साहजिक.
फाँट निर्दोष सुटला.
दुसऱ्या रात्री प्रिंटर. नातू बिचारा
दिवा गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे दोनदा जाऊन आला,
वीस रुपये त्याचेच गेले.
तिसऱ्या रात्री ओळी मोडण्याचा भाग,
जो फिनलंडच्या युक्काने लिहिलाय
आणि ज्याला हात लावू नका, असं त्यानेच वर लिहून ठेवलंय.
मी हात लावला. सगळी पानं उजवीकडे सरकली.
मुकाट्याने होती तशी करून ठेवली.

शनिवारी शेवटी उठले आणि चालत गेले.
हिराजी बुवा मढवी, वय एक्क्याऐंशी,
ओट्यावर बसून पखवाजाला कणीक लावत होते.
कागद त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला.
"मात्रा बारा हान, बराबर.
पन माजा हात कवा उलटा कराचा?"

आणि पखवाज बाजूला सारून गुडघ्यावर ताल धरला.
धा धा, टाळी.
दिं ता, आणि तळवा वर वळला,
कशालाही न लागता हवेत थांबला,
पंगतीत मीठ मागावं तसा.
किट धा, टाळी.
दिं ता, परत तो उघडा हात.
तिट कत. गदि गन.
दोनदा हात पडला नाही,
आणि त्या दोन न पडण्यांच्या आधारावर
बाकीच्या चार टाळ्या उभ्या होत्या.

लॅपटॉप मी तिथेच उघडला, कणकेच्या ताटाशेजारी.
सम म्हणजे फुली. टाळ्यांना आकडे: दोन, तीन, चार.
खालीला शून्य.
आणि चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली ओळ
प्रत्येक खुणेला विचारत होती: आहेस का?
शून्य म्हणायचं, नाही,
आणि ती रेघ न ओढता पुढे जायची.
किती सभ्य चूक.
इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत आली नाही,
कारण आमच्यातल्या कुणीच
छापलेला ताल हातावर धरून पाहिला नव्हता.

प्रश्न बदलला. आहेस का, नव्हे;
इथे कुणी काही लिहिलंय का, एवढंच विचार.
शून्यही लिहावंच लागतं.
बुवांनी मध्येच कणकेचा हात पुसून
चहा ढोसायला लावला, कीबोर्डवर पीठ सांडलं,
'स' अजून अडकतो.

रात्री युक्काने विचारलं,
रिकाम्या मात्रांसाठी चाचणी कशी लिहायची?
मी कळवलं, रिकाम्या नाहीत त्या.
दिं ता तिथेही वाजतं. हात फक्त वाजत नाही.
तो बराच वेळ गप्प होता.
मग त्याने बदल मंजूर केला, शेरा न मारता.

मंगळवारी फोटो आला, पुन्हा तिरका.
दोन्ही शून्यं जागच्या जागी.
आणि बुवांनी निळ्या पेनाने
गदि गन खोडून वर दुसरंच काही लिहिलेलं;
वडिलांचा बोल आहे म्हणे, आमच्या यादीत नसलेला.
मोठा करून पाहिला. अक्षर लागत नाही.
शनिवारी परत जायला हवं.